एक हात कमरेला बांधून पेटवलेला टीव्ही

"काढलंन! अहो, धावा, हिनं मंगळसूत्र काढलंन!"

सासूबाईंचा हा आवाज आमच्या रोह्याच्या घरातून निघाला तो थेट कुंडलिकेच्या पलीकडे गेला. तिथं धुणं धुणाऱ्या बायांचे हात वरच्या वर राहिले आणि पुलावरच्या एसटीनं कचकन ब्रेक मारला. एसटीचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण आवाज मी ऐकलाय, आणि तो ऐकून जी एसटी थांबली नसेल तिला ब्रेकच नव्हते असं समजावं.

मी मात्र जागची हलले नाही. हलण्यासारखी अवस्थाच नव्हती. लाकडी पाटावर उकिडवी बसलेली, डावा हात पाठीमागे नेऊन पदराच्या टोकानं कमरेला बांधलेला, उजव्या हातात लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर, आणि समोर मागचा पुठ्ठा काढून, आतडी उघडी टाकून बसलेला सासऱ्यांचा व्हॉल्व्हचा टीव्ही. मंगळसूत्र खिडकीच्या कडीला लोंबत होतं. सासूबाई त्याच्याकडे अशा बघत होत्या, की जणू त्यांच्या मुलालाच मी तिथं टांगलाय.

"आत्या, हळू. दचकले तर हात भलतीकडे पडेल."

"पडू दे! माझा पोर रात्रपाळी करून आत जित्ता झोपलाय, आणि तू हिकडं गळा मोकळा करून बसल्येस?"

"या डब्यात सोन्याच्या दोन वाट्या लोंबत गेल्या ना, तर वाट्या, मणी आणि मी, तिघं एकदमच जाऊ."

"मग नको ना हात घालू त्यात! सांगितलान कुनी?"

सांगितलं होतं त्यांच्याच नवऱ्यानं. म्हणजे अगदी सांगितलं असं नाही, ओरडून सांगितलं होतं. आमच्या घरात सांगणं आणि ओरडणं ही दोन वेगळी कामं कुणी मानत नाही.

झालं होतं असं. आमच्या घराला रस्त्याकडे दार असलेली एक खोली आहे. त्या खोलीत मला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं. तोवर मी दुरुस्ती करायचे स्वयंपाकघरात, ओट्याच्या कडेला. गल्लीतल्या बाया मागच्या दारानं मिक्सर आणायच्या, ट्रान्झिस्टर आणायच्या, जसं काही चोरीचा माल. आत्या म्हणायच्या, तुझ्या आमटीला त्या सोल्डरच्या, डाग द्यायच्या तारेचा वास येतो. येत असेल. त्याच ओट्यावर मी निम्म्या रोह्याचे रेडिओ जिवंत केले. एक तर असा होता की दुरुस्त झाल्यावर त्यात मालकाच्या मेलेल्या काकांचा आवाज यायचा, तो मी मुद्दाम पुन्हा बिघडवून दिला. पण मागच्या दारानं आलेल्या कामाला नाव नसतं. मला रस्त्यावर पाटी हवी होती.

आणि सासऱ्यांनी ठरवलं होतं की दसऱ्यापासून ती खोली झेरॉक्सवाल्याला द्यायची.

"बाईमानसानं इजेशी खेळायचं नाय," हे त्यांचं म्हणणं.

"मामा, खेळत नाही, कमावते."

"मिक्सर करनं येगळा आनि इजेचं काम येगळा!"

"मिक्सर काय रॉकेलवर चालतो?"

त्यावर त्यांनी माळ्याकडे बोट केलं. तिथं त्यांचा तो टीव्ही होता. लाकडी पेटी, पुढे सरकती दारं, त्या दारांना कुलूप. देशात टीव्ही नवा होता तेव्हा आणलेला, आळीतला पहिला. बंद पडल्याला वीस वर्षं झाली असतील. त्यात उंदरांच्या इतक्या पिढ्या नांदून गेल्या होत्या, की आता त्यांच्यातल्या म्हाताऱ्या उंदरांना गावकीत मान होता.

"ह्यो बोलता कर," मामा गरजले, "ज्या दिवशी ह्यो बोलेल त्या दिवशी खोली तुझी! दसऱ्यापर्यंत! नायतर ह्यो भंगारात आनि खोली झेरॉक्सला."

मी टीव्ही खाली उतरवायला लागले तेव्हा कुठं त्यांच्या लक्षात आलं, की सुनेनं हे खरं धरलंय.

तर परत त्या मंगळसूत्राकडे येते. आत्यांचा हेका एकच, नवरा जिवंत असताना बाईनं ते काढायचं नाही, काढलं की नवऱ्याला धोका. मी म्हटलं, "म्हणजे घातलं तर मी जाणार, काढलं तर तुमचा मुलगा जाणार. मग असं करू." उठले, आत गेले, नवरा घोरत पडला होता त्याच्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि बाहेर येऊन म्हटलं, "आता ते सुवासिनीच्या घरात गळ्यातच आहे. आणि तुमचा मुलगा तर डबल सुरक्षित झाला."

आत्यांनी आ वासला तो दुपारपर्यंत मिटला नाही.

नवरा माझा गरीब माणूस. उठला, गळ्याला हात लावला, विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "राहू दे महिनाभर, दिवसा मी काम करते तेव्हा." तो म्हणाला, "बरं." पुढं त्याची दिवसपाळी लागली आणि एक दिवस विसरून तो ते तसंच घालून कंपनीत गेला. शर्टाच्या वरच्या बटणातून काळे मणी दिसले. सांगतात की त्या दिवशी सगळं डिपार्टमेंट हसून हसून बंद पडलं आणि मोठ्या साहेबांनी संप समजून वाटाघाटीला माणूस पाठवला. घरी आल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "उद्यापास्नं आठवन कर."

आता कुणी म्हणेल, बाईला हे एवढं नाटक कशाला हवं? तर ते नाटक माझ्या उस्तादाचं. माझं माहेर जोह्याचं, गणपतीच्या कारखान्यातलं. लग्नाआधी मी रोज बसनं पेणला जायचे, रामवाडीत एका म्हाताऱ्या मेकॅनिकच्या दुकानात. घरच्यांना वाटायचं मी तिथं धूळ पुसते. पुसायचेच, पण पुसता पुसता शिकायचे. उस्तादांचा पहिला नियम, उघड्या सेटमध्ये एकच हात, दुसरा खिशात. दोन्ही हात आत गेले की वीज एका हातातून शिरते, वाटेत काळजाला भेटून दुसऱ्या हातानं निघते, आणि तिला कुणाच्या घरी जास्त वेळ थांबायची सवय नाही. मी म्हटलं, "उस्ताद, मला खिसा नाही." त्यांनी पाच मिनिटं विचार केला आणि म्हणाले, "पदराला बांध." तेव्हापासून माझा डावा हात कामाच्या वेळी कैदेत असतो.

दुसरा नियम, मेलेला सेटही मेलेला समजायचा नाही. पिक्चर ट्यूबमध्ये अठरा हजार व्होल्ट खेळतात, आणि प्लग काढला तरी ट्यूब त्यातलं पोटात दडवून ठेवते, डूख धरलेल्या नागासारखी. म्हणून मी स्क्रू ड्रायव्हरच्या लोखंडाला तार बांधली होती, तारेत मोठा रेझिस्टन्स घातला होता आणि दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या तारेला, जी तिची जमीन असते, तिला अडकवलं होतं. लांबूनच ट्यूबच्या बाजूच्या रबरी टोपीखाली टोक सारायचं, थांबायचं, पुन्हा सारायचं. वीस वर्षांनी त्यात काय असणार? काही नव्हतं. तरी तीनदा केलं.

मामा दारात उभं राहून हे सगळं बघत होते. आणि एकदम, न ओरडता, बोलले. मला ते बोलणं ओरडण्यापेक्षा जड गेलं.

"ह्याच खोलीत," ते म्हणाले, "एक मेकॅनिक आनलावता. ह्यो बंद पडला तवा. असाच बसला व्हता. मी बाजूला. मना वाटला त्यो हसतोय. त्यो हसत नव्हता. भिंतीवर जाऊन आपटला. वाचला, पन निंगून गेला त्यो परत आलाच नाय. त्याची हत्यारांची पिशवी अजून माळ्यावर हाय."

"मामा, त्याचे दोन्ही हात आत होते का?"

त्यांनी आठवून बघितलं. "व्हय."

"आणि खाली जमिनीवर बसला होता?"

"व्हय. सारवलेली जमीन, वली."

"म्हणून," मी म्हटलं, आणि पाटावर आणखी ऐटीत बसले.

त्यांनी जे केलं ते मला अजून आठवतं. आत गेले, आणखी एक पाट आणला आणि माझ्या पायाखाली सरकवला. मग लगेच, नुकसान भरून काढायला, ओरडले, "मेलीस तर मी जबाबदार नाय!"

पुढचे दिवस मी उंदरांचं गाव उठवण्यात घालवले. रंगाचा मऊ ब्रश घेऊन एकेक कोपरा साफ केला. पालीची अंडी निघाली, चण्याची सालं निघाली, एक अख्खी जपमाळ निघाली जिच्यासाठी आत्यांनी शेजारणीशी अकरा वर्षं बोलणं टाकलं होतं. ती मी गुपचूप देवघरात ठेवली. शेजारणीशी समेट व्हायचा अजून बाकी आहे. कागदाचे जुने कंडेन्सर सगळे मेणासारखे पाघळलेले, ते एकेक काढून नवे घातले. व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, मात्र बहुतेक शाबूत. मी डोळ्यांवर नवऱ्याचा कंपनीतला चष्मा चढवायचे, कारण पिक्चर ट्यूब जर फुटली तर ती आत फुटते आणि मग सगळी काच बाहेर येते, आणि माझं तोंड गणपतीच्या गावचं आहे, त्याची आखणी पुन्हा होणार नाही.

तिसरं संकट, या जातीच्या टीव्हीचा आतला लोखंडी सांगाडाच विजेला बांधलेला असतो. प्लग उलटा लागला तर सांगाडा जिवंत. स्क्रूला हात लागला तर मेकॅनिक भिंतीवर. त्याला उपाय एकच, मध्ये एक वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवायचा, म्हणजे घरातली वीज आणि टीव्ही यांची ओळख थेट न होता मध्यस्थामार्फत होते. तो ट्रान्सफॉर्मर उस्तादांकडे होता. पेणला गेले. उस्ताद आता दुकानात नुसते बसायचे, डोळे गेलेले, पण माझं पाऊल ओळखलं.

"कुनाचा सेट?"

"सासऱ्यांचा."

"सासरा जिवंत हाय?"

"आहे, ओरडतोय."

"मग जपून कर," म्हणाले, आणि तो ट्रान्सफॉर्मर दिला. वजनाला असा की पेणच्या स्टँडवर मी तो मांडीवर घेतला तेव्हा बसची ती बाजू बसली. कंडक्टरनं फडक्यात गुंडाळलेलं ते धूड बघून विचारलं, "ताई, पोराला काय खायला घालता?"

तिथून आधी उलट दिशेला, माहेरी जोह्याला गेले, कारण मला बल्ब हवे होते. आमच्याकडे पावसाळ्यात मूर्ती वाळायला मोठ्या दिव्यांच्या माळा लावतात. गणपती होऊन गेलेले, कारखाना रिकामा, साचे भिंतीला टेकून झोपलेले, आणि माझा दादा बिनकामाचा. बिनकामाचा मूर्तिकार फार धोकादायक. समोर दिसेल त्याला तो हात, पाय आणि सोंड लावू बघतो.

"बाय, मी येतो तुझ्यासंगं," दादा म्हणाला.

"दादा, तू फक्त बल्ब उचल. कशाला हात लावू नकोस."

"मी काय लहान हाय?"

लहान असता तर परवडलं असतं.

बल्बचा बोर्ड मला याच्यासाठी हवा होता, की जुन्या सेटला एकदम सगळी वीज द्यायची नसते. वीस वर्षं उपाशी असलेल्या माणसाला कुणी बासुंदी-पुरी वाढतं का? आधी पेज. विजेच्या वाटेत आधी एक बल्ब घालायचा, बारका. आत कुठं घोटाळा असला तर बल्ब लख्ख पेटून सांगतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असलं तर तो मंद होतो. मग मोठा बल्ब, मग शेजारी आणखी एक, असं हळूहळू वाढवत न्यायचं. दोन दिवस मी त्याला अशी पेज पाजली. मोठे कंडेन्सर फुगले नाहीत, तापले नाहीत. व्हॉल्व्ह एकामागून एक तांबूस झाले. आत्या पदराआडून बघून गेल्या. म्हणाल्या, "निरांजनं लावल्यासारखं दिसतं गो." आणि मग आठवण झाल्यासारखं, "पन गळा मोकळाच हाय तुझा."

एकच गोष्ट राहिली होती. अठरा हजार व्होल्ट तयार करणारी जी गुंडाळी असते, तिच्या अंगावरच्या लेपाला चीर होती. ती मला चांगल्या मेणानं बुजवायची होती. मेण आणायला मी बाजारात गेले. डोंगरातून मध घेऊन येणाऱ्या बाईकडे मधाच्या पोळ्याचं मेण मिळतं. ती त्या दिवशी आलीच नव्हती. परत आले तर दादा दारात उभा, हात पांढरे, चेहऱ्यावर विसर्जनाची मिरवणूक.

"बाय, तुझं काम करून टाकलं."

"कुठलं काम?"

"ती चीर. जोडून टाकली. वरनं घासलीसुद्धा. बघ, सांधा दिसतोय का?"

सांधा दिसत नव्हता, हे मी आजही मान्य करीन. चिरेत प्लास्टर भरलेलं, काथ्याचे दोन धागे घालून, वरून तपकिरी रंगाचा हात मारून. मूळ कारखान्यातून निघाली तेव्हासुद्धा ती गुंडाळी एवढी देखणी नसेल. मी बघितलं आणि, काय सांगू, आमच्याच रक्ताचा दोष, मलाही वाटलं की वाळलंय, चालेल. चार दिवस राहिले होते दसऱ्याला. जोह्याच्या माणसाला प्लास्टरवर अविश्वास दाखवणं म्हणजे आईवर अविश्वास दाखवणं.

दुपारी सगळ्यांसमोर चारही मोठे बल्ब जोडले. मामा खुर्चीत. आत्या दारात. नवरा गळ्यात मंगळसूत्र घालून कोपऱ्यात. दादा छाती काढून.

टीव्हीनं आधी बारीक शिट्टी घातली. पडद्यावर धुरकट उजेड आला. मामा खुर्चीतून अर्धे उठले. आणि मग त्या गुंडाळीतून निळा साप निघाला. खोटं सांगत नाही, वीतभर तरी होता. दादा म्हणतो हातभर, पण दादाला अतिशयोक्तीची सवय आहे. तडतड, तडतड, करपट आंबूस वास, चारही बल्ब असे पेटले की खोलीत कुणाची सावलीच उरली नाही. मी एका हातानं प्लग ओढला.

"झाला!" मामा ओरडले. "झाला! पुरे! मी माझ्या डोळ्यांनी दुसऱ्यांदा नाय बघनार! उद्या भंगारवाला! उद्याच!"

"मामा, कुणाला काही झालं का?"

"व्हायची वाट बघू?"

"बल्बनं सांगितलं, मी ऐकलं, प्लग काढला. मी पाटावर आहे, हात बांधलेला आहे, गळा मोकळा आहे. तो मेकॅनिक भिंतीवर गेला, मी इथंच बसल्ये! बघा, बसल्ये की नाय?"

माझा आवाज त्या दिवशी आत्यांच्या वर गेला असावा, कारण आत्यांनी कौतुकानं बघितलं.

मामा उठून बाहेर गेले. दादा कानकोंडा होऊन उभा होता.

"मी काय केलं? गनपतीचा हात तुटला तर आमी असाच जोडतो. विसर्जनापर्यंत कधी हलत नाय."

"दादा, गणपतीच्या हातातून अठरा हजार व्होल्ट जातात का?"

"जात असतील. आपल्याला कशाला दिसतात?"

चूक त्याची अर्धी आणि माझी अर्धी. प्लास्टर वाळलं तरी हवेतली ओल पीतच राहतं, आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्यात ओलीला काय तोटा. ज्या गावात आयुष्यभर मूर्ती वाळवायला दिवे लावले, त्या गावच्या दोघांना हे सुचू नये? पण आम्ही प्लास्टरला फक्त देव होताना बघितलेलं, विजेचा रस्ता होताना कधी नाही.

ट्यूब रिकामी करून, विणायच्या सुईनं, एक हात बांधलेला ठेवून, मी ते प्लास्टर कणकण खरवडलं. जळून काळी झालेली रेघ मुळापासून काढली. ती राहिली असती तर वीज पुन्हा त्याच वाटेनं गेली असती. मग गुंडाळी पूर्ण सुटी करून दादाच्या बल्बांखाली दोन दिवस ठेवली, एखादी लाडकी मूर्ती वाळवावी तशी, फार जवळ नाही, फार लांब नाही. ते काम दादानं केलं. या जगात मूर्ती किती अंतरावर वाळवायची हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, आणि दोन दिवस तो तिथून उठला नाही. मधवाली बाई आली. मेण वितळवून मी पातळ पातळ लेप दिले, एक वाळला की दुसरा. गुंडाळी परत बसवून तारांना सोल्डरचे डाग दिले. उरलेलं मेण बटणांच्या स्क्रूंवर भरलं, म्हणजे कुणाचं बोट लोखंडाला लागायला नको. भंगारवाला दोनदा येऊन दारातून परत गेला. मामांनी त्याला बोलावलं होतं, पण आत या म्हणाले नाहीत.

आणि उजाडली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पूजेला बसतात; विळा, कोयता, पहार, सगळ्यांना सुट्टी. सकाळी बघते तर देवघरापुढच्या पाटावर कोयत्याच्या शेजारी माझा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि डाग द्यायची काठी, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल वाहून.

"आत्या, हे काय?"

"काय म्हंजे? हत्यारं हायत. पूजा नको?" आत्या न बघता म्हणाल्या. "आज हात लावायचा नाय."

मला हसू आलं, पण लगेच हिशेबही सुचला. उद्या दसरा. उद्या झेरॉक्सवाला येणार. आज सेट लावला आणि काही बिघडलं, तर मला साधा स्क्रू फिरवता येणार नाही. आत्या पाण्याचा गडू घेऊन टीव्हीकडे निघाल्या तेव्हा मी आडवी आले.

"पाणी नाय! फूल नाय! एक बोट कुंकू, लाकडावर, पुढच्या दारावर. बास."

"देवाला पन तुझी परवानगी लागते का गो?"

"आज लागते."

त्यांनी एकच बोट लावलं.

मागचा पुठ्ठा मी आदल्या दिवशीच लावून ठेवला होता. हत्यार नको, काही नको. फक्त बटण. दादा कौलांवर, एरियलच्या बांबूला मिठी मारून. ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. व्हॉल्व्ह पेटायला वेळ घेतात. नव्या टीव्हीसारखं थोबाडीत मारून चित्र येत नाही. मी कान टवकारून तडतड ऐकत होते. आली शिट्टी. बारीक, सरळ. उजेड आला, पट्टे आले, पट्टे पळायला लागले.

"दादा, फिरव!"

"कुठं?"

"पेणकडं!"

"कुठल्या पेणकडं, हिकडनं दोन रस्ते जातात!"

"फिरव रे!"

पट्टे थांबले. त्यांच्यातून एक गृहस्थ निघाले, काळेपांढरे, कोट घातलेले, आणि अगदी सावकाश भातावरच्या करपा रोगाविषयी सांगायला लागले. वीस वर्षांनी आलेला माणूस, आणि आल्या आल्या करपा! पण सांगते, पेणच्या सगळ्या कारखान्यांतल्या सगळ्या मूर्तींमध्ये त्या दिवशी माझ्यासाठी त्याच्याएवढा देखणा चेहरा नव्हता. आत्यांनी त्याला नमस्कार केला. नवऱ्यानं गळ्यातलं काढून माझ्यापुढे धरलं. मी डावा हात सोडला आणि ते घातलं.

मग मी मामांपुढे उभी राहिले, कमरेवर दोन्ही हात ठेवून. पंचवीस दिवस साठवलेलं सगळं बाहेर आलं. "बोला! बोलता झाला की नाय? बाईमाणसानं विजेशी खेळू नये ना? मी खेळले नाही, मी त्याला वाळवला, पेज पाजली, मेणानं सारवला! चुकले तेसुद्धा पाटावर बसून चुकले! एकाच्या अंगावर ओरखडा नाय! आता उद्या झेरॉक्सवाल्याला तुम्ही नाय सांगितलं तर मी सांगते, आणि पाटी मी रंगवणार, दादाकडून, एवढी मोठी की माणगावच्या माणसानं चष्मा न लावता वाचली पाहिजे! बोला मामा, खोली कुणाची?"

मामा करप्यावरची नजर न काढता म्हणाले, "किल्ली दारालाच हाय."